न्यूझीलंडमधल्या शालेय बोर्डाची निवडणूक: निवडणूक अधिकारी कोण, नेमायचा कसा, पैसे किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं इथल्या शाळेत घातली की दर तीन वर्षांनी बोर्डाच्या निवडणुकीचं पत्रक घरी येतं. काही मराठी पालक मत देतात, काही उभे राहतात. अलीकडे तिसराही प्रकार वाढलाय: शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या किंवा हिशेबात पक्क्या असलेल्या एखाद्या पालकाला ‘यंदा निवडणूक अधिकारी व्हाल का?’ अशी विचारणा होते. त्यांच्यासाठी, आणि त्यांना नेमणाऱ्या बोर्ड सदस्यांसाठी, ही प्रश्नोत्तरं.

ही निवडणूक नेमकी कशाची असते?

शाळा चालवणाऱ्या बोर्डाची. १९८८ साली शाळांच्या कारभाराविषयी पिकॉट समितीचा अहवाल आला. पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांच्याकडेच तेव्हा शिक्षण खातं होतं. जुनी प्रादेशिक शिक्षण मंडळं मोडून १९८९ पासून प्रत्येक सरकारी शाळेचा कारभार तिच्या स्वतःच्या बोर्डाकडे सोपवला गेला. प्रिन्सिपलची नेमणूक, अर्थसंकल्प, इमारतीची देखभाल, सगळं बोर्डाच्या अखत्यारीत. आता यामागे ‘एज्युकेशन अँड ट्रेनिंग ॲक्ट २०२०’ हा कायदा आहे, आणि निवडणुकीचे तपशीलवार नियम २०२२ सालचे आहेत.

बोर्डात पालकांनी निवडलेले प्रतिनिधी साधारण पाच असतात. बोर्ड ही संख्या तीन ते सात यांच्या दरम्यान ठरवू शकतं. शिवाय प्रिन्सिपल पदसिद्ध, कर्मचाऱ्यांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी, आणि नववी किंवा त्यापुढचे वर्ग असतील तर विद्यार्थ्यांचाही एक. चर्चशी वगैरे संलग्न असलेल्या ‘इंटिग्रेटेड’ शाळांत मालक संस्था आपले प्रतिनिधी थेट नेमते. त्यांची निवडणूक होत नाही, त्यामुळे निवडणूक अधिकाऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

महाराष्ट्रातल्या शाळा व्यवस्थापन समितीसारखंच का हे?

वरवर पाहता हो. शिक्षण हक्क कायद्याने तिथेही समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. पण ती समिती पालकसभेत बसते, हात वर करून किंवा एकमताने. इथे मतदार यादी, उमेदवारी अर्ज, मतपत्रिका, मतमोजणी असा सगळा रीतसर संसार आहे. शिवाय हे बोर्ड कायद्याने स्वतंत्र संस्था आणि शाळेतल्या माणसांचं मालक असतं. म्हणूनच ते कोण निवडून आणतं आणि ती निवडणूक कोण घेतं, याला वजन आहे.

मग निवडणूक आयोग का घेत नाही?

आयोग संसदेच्या निवडणुका पाहतो. देशात सुमारे २४०० शाळांची बोर्डं आहेत आणि प्रत्येकाची निवडणूक त्या त्या बोर्डानेच घ्यायची असते. शिक्षण मंत्रालय नियम करतं. शालेय बोर्डांची राष्ट्रीय संघटना मार्गदर्शन, नमुने आणि वेळापत्रक पुरवते. प्रत्यक्ष खुर्ची मांडून बसणारा माणूस मात्र शाळेचा.

निवडणूक अधिकारी नेमतं कोण?

बोर्ड. एकटा अध्यक्ष नाही, प्रिन्सिपलही नाही. सभेत ठराव करायचा, तो इतिवृत्तात लिहायचा आणि नेमलेल्या व्यक्तीला पत्र द्यायचं. ‘मागच्या वेळी यांनीच केलं होतं, याही वेळी तेच करतील’ असं गृहीत धरून पुढे जाणारी बोर्डं असतात. तोवर काही बिघडत नाही. पण एखाद्या हरलेल्या उमेदवाराने ‘तुम्हाला नेमलं कुणी?’ असं विचारलं की ठराव शोधताना सगळ्यांची धावपळ होते.

ठरावात चार गोष्टी असाव्यात: नाव, कोणती निवडणूक (पालकांची, कर्मचाऱ्यांची, विद्यार्थ्यांची की तिन्ही), मोबदला किती आणि कसा, आणि छपाई-टपालाचा खर्च कुणाकडून. शेवटची गोष्ट हमखास राहते.

कुणाला नेमता येतं?

जो बोर्डाचा विद्यमान सदस्य नाही आणि या निवडणुकीत उभा राहणार नाही, असा कुणीही. शाळेतला कर्मचारी, माजी पालक, गावातला निवृत्त बँक कर्मचारी, शेजारच्या शाळेची ऑफिस मॅनेजर किंवा निवडणुका घेण्याचा व्यवसाय करणारी संस्था. पालक असणं गरजेचं नाही.

कायद्यात बसतं म्हणून शोभतंच असं नाही. उमेदवाराची बायको, नवरा, भाऊ किंवा घरोब्याचा मित्र नेमू नये. छोट्या गावात हे अवघड जातं, कारण सगळेच एकमेकांचे कुणीतरी असतात. अशा वेळी दोन शाळांच्या ऑफिसांनी एकमेकांची निवडणूक पाहावी. बाहेरच्या माणसाने कुणाच्या घरचं मीठ खाल्लेलं नसतं.

माझा व्हिसा वर्क व्हिसा आहे. मी हे काम घेऊ शकतो का?

निवडणूक अधिकाऱ्याचं नागरिकत्व हा मुद्दा नाही, मुद्दा तुमच्या व्हिसाच्या अटींचा आहे. अक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसावर ठरावीक मालकाकडेच पगारी काम करायची मुभा असते. शाळेकडून मिळणारं मानधन त्या अटीत बसतं का, हे हो म्हणण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. रेसिडेंट असाल तर अडचण नाही. मतदान मात्र वेगळं: शाळेत शिकणाऱ्या मुलाचा पालक म्हणून तुमचं नाव यादीत असेल तर मत देता येतं.

केव्हा नेमायचं?

२०२५ चं उदाहरण घेऊ. बहुतेक शाळांत मतदानाची मुदत बुधवार, १० सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी चारला संपली. उमेदवारी अर्जांची मुदत त्याआधी पाच आठवडे, ६ ऑगस्टला दुपारी बाराला संपली होती. अर्ज मागवणारं पत्र त्याहीआधी, जुलैत निघालं. त्या पत्राआधी मतदार यादी तयार हवी. म्हणजे अधिकारी मे महिन्यातच ठरलेला बरा.

जुलैच्या सुट्टीचं विसरू नका. टर्म दोन संपून टर्म तीन सुरू होईपर्यंतचे दोन आठवडे ऑफिस बंद असतं आणि नेमकं तेव्हाच यादीचं काम अंगावर येतं. पुढची त्रैवार्षिक निवडणूक २०२८ साली आहे. काही बोर्डं निम्म्या जागा मधल्या टप्प्यावर भरतात. त्यांना हे चक्र दर दीड वर्षाने फिरवावं लागतं.

काम तरी किती असतं?

‘चार कागद छापायचे, चार मोजायचे’ असं सांगून हे काम गळ्यात मारलं जातं, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात जास्त वेळ मतदार यादी खाते. शाळेच्या संगणकात मुलांची नावं असतात. मतदार असतात पालक. एका मुलाचे दोन पालक, दोघे वेगळे राहत असतील तर दोन पत्ते, सावत्र पालक, नातवंड सांभाळणारे आजी-आजोबा, दोन भावंडं असली तरी आईचं नाव एकदाच. आपल्या मराठी घरांत आणखी एक भानगड: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे घुसलेलं, आईचं आडनाव माहेरचं, आणि शाळेच्या फॉर्मवर कुणीतरी घाईत आडनावाच्या जागी पहिलं नाव भरलेलं. एक माणूस यादीत दोनदा येतो किंवा एकदाही येत नाही. हे संगणक शोधून देत नाही, यादी समोर घेऊन डोळ्यांनी पाहावं लागतं.

यादी पालकांना पाहायला खुली असते, पण पत्ता गुप्त ठेवायची विनंती कुणी केली असेल तर ती पाळायची. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या एखाद्या आईसाठी ही बारीकशी नोंद फार मोठी असते. यादी बंद झाल्यावर नवं मूल दाखल झालं तर त्याच्या पालकांसाठी पुरवणी यादी.

मग उमेदवारी अर्ज. वेळेत आला का, अर्ज सुचवणाऱ्याचं नाव यादीत आहे का, उमेदवाराने अपात्र नसल्याची सही केली का. दिवाळखोरी न सुटलेली व्यक्ती किंवा गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती उभी राहू शकत नाही. पण अधिकाऱ्याने गुप्तहेर व्हायचं नाही. सही घ्यायची, शंका असेल तर लेखी विचारायचं. बारा वाजून पाच मिनिटांनी आलेला अर्ज नाकारायचा, तो कितीही भला माणूस असो.

त्यानंतर मतपत्रिका, उमेदवारांची निवेदनं, परतीची पाकिटं. शहरांतसुद्धा पोस्ट आता रोज येत नाही, त्यामुळे टपालावर विसंबलेल्या शाळेला दिवसांचा हिशेब सैल ठेवावा लागतो. म्हणूनच मुदत संपली की लगेच मोजणी होत नाही: वाटेत असलेली मतं पोचायला काही दिवस दिले जातात. २०२५ मध्ये मोजणी १६ सप्टेंबरला झाली आणि नवी बोर्डं १७ तारखेला कामाला लागली. मोजणी एकट्याने करायची नाही, साक्षीला तटस्थ माणूस हवा. शेवटी निकाल जाहीर करणं, उमेदवारांना कळवणं, मतपत्रिका सीलबंद करून ठेवणं.

या सगळ्यात फोनही असतातच. ‘माझी मतपत्रिका आली नाही’, ‘कुत्र्याने फाडली’, ‘नवऱ्याची मी भरून देऊ का?’ शेवटच्याचं उत्तर नाही.

पैसे किती द्यायचे?

सरकारने ठरवलेला दर नाही. बोर्डाने आणि त्या व्यक्तीने आपसात ठरवायचं. पद्धती दोन: तासावर किंवा ठोक.

माझं मत सरळ तासांच्या बाजूने आहे, निदान पहिल्यांदा नेमत असाल तर. ठोक रकमेत बोर्डाला आकडा आधी कळतो हे खरं. पण उमेदवार तीन आले की अकरा आले, यादी स्वच्छ निघाली की गबाळी, यावर कामाचे तास दुप्पट होऊ शकतात, आणि तो फटका अधिकाऱ्याला बसतो. ठोकच द्यायचं असेल तर दोन टप्पे ठेवा: एक रक्कम अर्जांची मुदत संपेपर्यंतच्या कामाची, दुसरी प्रत्यक्ष मतदान घ्यावं लागलं तर.

हिशेब कसा मांडायचा, ते निव्वळ कल्पित आकड्यांनी दाखवतो. समजा शाळेत ५०० मुलं आहेत, यादी ८०० नावांची होईल असा अंदाज आहे आणि ४० तास लागतील असं दोघांना वाटतं. ताशी ३२ डॉलर ठरले तर १२८० डॉलर. छपाई, पाकिटं, टपाल वेगळं, आणि ते शाळेने थेट भरायचं. अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून तिकिटं आणून मग पावत्या घेऊन फिरावं अशी व्यवस्था करू नका. ४० तासांच्या वर काम जायला लागलं तर आधी कळवायचं, एवढी एक ओळ करारात पुरते.

खालची मर्यादा मात्र कायद्याने आहे. तो माणूस शाळेचा कर्मचारी म्हणून हे काम करत असेल तर किमान वेतनाखाली जाता येत नाही. २०२५ च्या निवडणुकीच्या वेळी ते ताशी २३.५० डॉलर होतं. तात्पुरत्या नेमणुकीत सुट्टीचे ८ टक्के वर द्यावे लागतात. आणि मतदार यादी हाताळणाऱ्या, तक्रारी झेलणाऱ्या माणसाला किमान वेतनावर बसवणं बोर्डाला शोभत नाही.

ऑफिसातल्या बाईच हे काम करणार असतील तर वेगळे पैसे कशाला? पगार मिळतोच की.

हा प्रश्न बोर्डाच्या सभेत विचारला जातो, कधी हसत हसत. उत्तर असं: त्यांचा पगार त्यांच्या ठरलेल्या कामाचा आणि ठरलेल्या तासांचा आहे. निवडणूक त्यात लिहिलेली नसेल तर ती जादा काम आहे. मग एक तर जादा तासांचे पैसे द्या, नाहीतर त्या काळापुरतं त्यांचं दुसरं काम कुणाकडे तरी सोपवा. दोन्ही न करता ‘जमेल तसं करा’ म्हटलं की त्या रात्री घरी बसून यादी तपासतात. आणि थकलेल्या डोळ्यांनी तपासलेल्या यादीत चुका राहतात.

आणखी एक अडचण सांगून ठेवतो. ऑफिसातल्या बाई रोज प्रिन्सिपलच्या हाताखाली असतात. प्रिन्सिपल स्वतः उमेदवार नसले तरी कोण निवडून येतं याच्याशी त्यांचा संबंध असतोच, कारण बोर्ड त्यांचं मालक. म्हणून नेमणूकपत्रात स्पष्ट लिहा की निवडणुकीपुरतं त्या कुणाचेही आदेश घेणार नाहीत.

पैसे कुठून येतात?

बोर्डाच्या खात्यातून. शाळेला मंत्रालयाकडून तिमाही हप्त्यांनी चालू खर्चाचा निधी मिळतो, त्यात बोर्डाने निवडणुकीची तरतूद करायची. शाळेचं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. सप्टेंबरच्या निवडणुकीची तरतूद आदल्या वर्षअखेरीस, अर्थसंकल्प करतानाच झाली पाहिजे. उमेदवारांकडून शुल्क घेऊन खर्च भागवायचा विचार मनातही आणू नका.

बोर्ड सदस्यांना सभेचे ५५ डॉलर मिळतात, अध्यक्षांना ७५. अधिकाऱ्यालाही तसंच, करमुक्त देता येईल का?

नाही. कित्येक वर्षं चालत आलेले हे आकडे बोर्ड सदस्यांच्या सभा-भत्त्याचे आहेत. करसवलत त्यांनाच आणि वार्षिक मर्यादेपर्यंतच. निवडणूक अधिकारी सदस्य नसतो, म्हणून त्याच्या मानधनावर कर लागतो.

कर कसा कापला जातो?

कर्मचारी असेल तर शाळेच्या पगार-व्यवस्थेतून, नेहमीच्या पगारासारखा. बाहेरची व्यक्ती असेल आणि रक्कम मानधन म्हणून दिली जात असेल तर ती ‘शेड्युलर पेमेंट’ मध्ये मोडते: आयआर ३३० सी हा फॉर्म भरायचा, सर्वसाधारण कपात ३३ टक्के. वर्षअखेरीला हिशेबात जास्तीचा कर परत मिळू शकतो, पण हातात येणारी रक्कम आधी कमी दिसते. ठरवतानाच हे बोललेलं असलं की ‘१२०० म्हणाला होतात, खात्यात ८०४ च आले’ अशी कटुता येत नाही. व्यावसायिक संस्था असेल तर ती बिल देते, जीएसटीसह.

मी फुकट करायला तयार आहे. शाळेसाठी एवढं तर करायलाच हवं ना?

भावना चांगली आहे, आणि बोर्डाने स्वीकारली तर बेकायदा काही नाही. तरी सांगतो, थोडे का होईना, पैसे घ्या. फुकट काम करणाऱ्याला मुदतीचा जाब विचारायला बोर्ड कचरतं. आणि तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला, जो कदाचित दोन नोकऱ्या करून घर चालवतो, ‘आधीच्यांनी तर काही घेतलं नव्हतं’ हे ऐकावं लागतं. पैसे घेऊन शाळेच्या वाचनालयाला दिलेत तर तो तुमचा प्रश्न.

उमेदवार जागांइतकेच आले, निवडणूक बिनविरोध झाली. मानधन मिळणार का?

मिळायला हवं. यादी तयार झाली, अर्ज तपासले, बिनविरोध निवड जाहीर केली, हे सगळं काम झालेलंच असतं. कमी फक्त मतपत्रिका आणि मोजणी. वर सांगितलेले दोन टप्पे इथेच उपयोगी पडतात. बिनविरोध होणं इथे दुर्मिळ नाही, म्हणून ते आधीच ठरवा.

मधेच एखाद्या सदस्याने राजीनामा दिला तर परत अधिकारी नेमायचा का?

पालक प्रतिनिधीची जागा रिकामी झाली तर बोर्डापुढे दोन वाटा असतात: पोटनिवडणूक किंवा बोर्डानेच कुणाची तरी निवड करणं. दुसरी वाट धरली तर पालकांना तसं जाहीर कळवावं लागतं, आणि यादीतल्या निदान १० टक्के पालकांनी २८ दिवसांत मागणी केली तर पोटनिवडणूक घ्यावीच लागते. तेव्हा अधिकारी पुन्हा नेमायचा, पैसे पुन्हा ठरवायचे. आधीच्या नेमणुकीत पोटनिवडणूक आपोआप येते असं समजू नका.

ऑनलाइन मतदान देणाऱ्या संस्थेला काम दिलं की सुटलो का?

बराचसा ताप कमी होतो. मोठ्या शाळांना ते परवडतंही, कारण छपाई-टपालाचा खर्च वाचतो. पण दोन गोष्टी तुमच्याकडेच राहतात. एक, मतदार यादीचा कच्चा माल: ती नावं आणि ई-मेल शाळेलाच द्यावे लागतात, आणि चुकीचा ई-मेल म्हणजे न पोचलेली मतपत्रिका. दोन, निवडणूक अधिकारी कोण हे स्पष्ट हवं: संस्थेचा माणूस की शाळेचा? दोघांनाही दुसरा अधिकारी वाटत असेल तर तक्रार आली की दोघेही हात झटकतात. दरपत्रक मागताना विद्यार्थी आणि कर्मचारी निवडणूक धरली आहे का, तेही विचारा.

बोर्डाचा अध्यक्ष रोज ‘किती मतं आली?’ म्हणून विचारतो. सांगावं का?

तो स्वतः पुन्हा उभा असेल तर अजिबात नाही. ‘मतं आली, आणखी यायची आहेत’ एवढंच. किती टक्के मतदान झालं हे सांगायचंच असेल तर सगळ्या पालकांना एकाच वेळी, वार्तापत्रातून. बोर्ड पैसे देतं म्हणून मधल्या हकिगतीवर त्याचा हक्क होत नाही. नेमल्यावर अधिकारी नियमांना बांधील.

अधिकाऱ्याला किती पैसे दिले, हे पालकाला विचारता येतं का?

येतं. शालेय बोर्डांना ‘ऑफिशियल इन्फर्मेशन ॲक्ट १९८२’ लागू आहे, आणि साधारणपणे २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भारतातला माहिती अधिकार वापरलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. अर्ज करण्याआधी बोर्डाचं इतिवृत्त वाचा. आकडा बहुधा तिथेच सापडेल. सभा लोकांना खुल्या असतात, प्रत्यक्ष जाऊनही बसता येतं.

निकाल लागला, नवं बोर्ड बसलं, पण माझे पैसे आले नाहीत. जुन्या बोर्डाने कबूल केले होते.

बोर्ड ही सलग चालणारी कायदेशीर संस्था आहे; माणसं बदलली म्हणून देणं बुडत नाही. नेमणूकपत्राची प्रत, तासांचा तक्ता आणि बिल नव्या अध्यक्षांना आणि ऑफिसला एकत्र पाठवा, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. पत्रच नसेल तर जुन्या इतिवृत्तातला ठराव शोधायला लावा. हे टाळायचं असेल तर पुढच्या वेळी मोजणीच्या संध्याकाळीच बिल द्या, जुन्या बोर्डाचा कार्यकाळ संपायच्या आत.